पेलाभर दुधाची नोंद

तीर्थरूप आईस,
लांबूनच, पण वाकून नमस्कार.

मी बरी आहे. खोलीला खिडकी आहे, पायाचे फोडही सुकलेत. बाबांचा खोकला कसा आहे?

माझं काम नक्की काय, असं तू विचारलंस. इथे गरिबांना शेळ्या वाटायची योजना आहे. चिठ्ठ्या टाकून अर्ध्या घरांना शेळ्या दिल्या, अर्ध्यांना दिल्या नाहीत. मुद्दाम. मी दरवर्षी दोघांनाही तेच प्रश्न विचारते. दोघांत फरक दिसला, की योजना लागू पडली म्हणायचं.

शेळी न मिळालेली एक म्हातारी मला परीक्षा घेणारी बाई समजते. अंगण झाडून बसते आणि विचारते, "यंदा तरी मी पास होणार ना गं?" काल ती म्हणाली, शेळीवाली शेजारीण तिला रोज पेलाभर दूध देते. मला बरं वाटलं, म्हणून मी ते भाबडेपणाने लिहून घेतलं. साहेबांनी कपाळाला हात लावला. "हिला दूध पोचतंय म्हणजे तुलनाच बिघडली. खोडा नाव."

शेळी तर मिळालीच नाही, आता न मिळालेल्यांतही तिची गणती नाही. आणि खोडलं मीच, माझ्या पेनाने.

अहवाल मात्र छान होणार आहे म्हणे.

तू प्रत्येक पत्रात विचारतेस, जेवलीस का? आई, दिवसभर दारोदार मीही तेच विचारत फिरते. पण घरी तू विचारायचीस तेव्हा तुझ्या हातात ताट असायचं. माझ्या हातात पुढचा प्रश्न असतो.

तुझी,
धाकटी