लाल ठिपक्यांची कालवं

नायगाव,
मंगळवार

प्रिय जुलियाना मावशीस,

फेलिशियाचा नमस्कार. तुझ्या डाव्या गुडघ्याला वेगळा नमस्कार; तुला घरी बसवू शकणारा तो एकटाच. इथे आम्ही बरे आहोत. फोनवर तू मला वाक्य पूर्ण करू देत नाहीस, म्हणून लिहिते आहे. सुनेकडून वाचून घे. ॲनिशाला मध्ये थांबवू नकोस.

नवख्या संशोधकांसाठी समुद्रजीवनाचं हे प्रशिक्षण तुमच्याच कळंबच्या कातळावर चालू आहे. पुस्तक बाजूला ठेवायचं आणि पाण्यात हात घालायचा, असा नियम. आम्हा बारा जणांना कातळाचा हातभर चौकोन प्रत्येकी. त्यातली जिवंत कालवं मोजायची, मोठ्यांवर खूण करायची, दहा दिवसांत किती वाढली, किती मेली ते लिहायचं. (साधा रंग पाण्यात टिकत नाही. नेलपॉलिश टिकतं. आईचं होतं, लाल.) शेवटी दोघांनाच संशोधनाच्या जहाजावर महिनाभर नेणार आहेत. मला जायचं आहे. शनिवारी ओहोटीला तू टोपली घेऊन तिथे पोचलीस. तुझं म्हणणं मला नंतर ॲनिशाकडून कळलं: "पोरीनं मोठी मोठी निवडून खुना केल्यात, मावशीला शोधाया नको म्हनून." रविवारी तुझा कालवांचा डबा आला. मी भाकरीबरोबर दोनदा वाढून घेतली. (खोबरं बेताचं घातलंस, ते छान केलंस.) सोमवारी चौकोनात सदतीस रिकामे शिंपले खडकाला चिकटलेले, आणि त्यांची लाल ठिपक्यांची झाकणं शेजारच्या डबक्यात. आधी पोटाला कळलं, मग मला.

शेजारच्या चौकोनाचा परेश म्हणाला, "माझेच आकडे घे ना, थोडे इकडेतिकडे कर. कोण बघतंय?" मी नाही म्हटलं. आम्हाला शिकवणारे एरॉल सर म्हणाले, शुक्रवारी आकडे नसतील तर यादीत नाव नसेल. मग मी पुढची भरती येईपर्यंत उकिडवी बसून उरलेली कालवं मोजली. (आता दोघींचेही गुडघे सारखे.) मावशी, अंगठ्याच्या पेराहून लहान असलेलं एकही तू काढलेलं नाहीस. चौसष्टच्या चौसष्ट जिवंत. पलीकडच्या कातळावरही पाहिलं, तू पूर्वी काढलेल्या कालवांचे तिथले रिकामे शिंपलेही तेच सांगतात. सरांना दाखवलं. ते बराच वेळ वाकून बघत राहिले. "हे कुठे वाचलंस?" म्हणाले. वाचलेलं नाही, असं मी सांगितलं. आता अहवाल यावरच लिहिणार. जहाज मिळो न मिळो, खोटा आकडा मी लिहिणार नाही.

घरी सर्वांना नमस्कार. ॲनिशाचे वाचनाबद्दल आभार.

तुझी,
फेलिशिया

ता. क. शुक्रवारी सकाळी दहाच्या ओहोटीला कातळावर ये. लहान कालवं का सोडतेस, ते सरांना तुझ्या तोंडून ऐकायचं आहे. मला जे पुस्तकात सापडत नाही ते तू एका वाक्यात सांगशील. पण एकाच वाक्यात सांग.

ता. क. २. ती सदतीस कालवं कोणी खाल्ली, हे सरांना अजून कळलेलं नाही. अहवालात मी "स्थानिक रहिवाशांनी सेवन केली" असं लिहिणार आहे. नायगावही स्थानिकच. विचारलंच तर विकली म्हण. आकडा खोटा नको, एवढंच माझं म्हणणं आहे.