शाकिरचाचांची होडी

७ जानेवारी, मंगळवार
पुन्हा समुद्र बिघडला! कागद ओला असतानाच काळा रंग लावला आणि दोन्ही होड्यांवर ओघळ आले. रविवारी प्रदर्शनासाठी चित्र पुण्याला द्यायचंय. शाळेत पोरांना जलरंग शिकवते मी — आणि मलाच वादळ जमत नाही. पाहिलंय कुठे? जन्म पौडचा. मोठं पाणी म्हणजे मुळशीचं धरण!

वादळं पाहिलीत ती अब्बांनी. हर्णैला मासेमारी करायचे. त्यांचे मोठे भाऊ शाकिरचाचा वादळात बुडाले आणि अब्बांनी इथे येऊन दुकान टाकलं. परत कधी गेले नाहीत. समुद्राचा विषय निघाला की उठून जातात.

८ जानेवारी
अब्बांनी चहा पिता पिता चित्र पाहिलं. पुढच्या होडीकडे बघून म्हणाले, "ही बुडणार." बस्स.

९ जानेवारी
आज विचारलंच — का बुडणार?

"लाटेला कूस दिलीय तिनं. तोंड लाटेकडे पाहिजे." मग मागच्या होडीवर बोट ठेवलं. "हिचं इंजिन बंद पडलं, तर पुढची हिला ओढते. मध्ये दोर असतो."

"काढू दोर?"

त्यांचं बोट दोन होड्यांच्या मधल्या जागेवर सरकलं. मग म्हणाले, "शाकिरच्या होडीचा दोर तुटला नव्हता, अर्शी. मी कापला."

दोन्ही होड्यांचे नऊ खलाशी अब्बांच्या होडीत. मागच्या होडीच्या ओढीने तिच्यातही पाणी भरत होतं. मागच्या होडीत सुकाणू धरून एकटे चाचा. "कोयत्याचे दोन घाव. शाकिर बघत होता."

बत्तीस वर्षं सांगत आले, दोर तुटला. चाचांच्या बायकोला, मैमुनाचाचींनाही!

रागवावं की जवळ घ्यावं, कळेना. नुसती शेजारी बसून राहिले.

११ जानेवारी, शनिवार
सकाळी अब्बा पिशवी भरून दारात. "हर्णैला नेतेस? भाभीला सांगायचंय."

चित्र अर्धंच आहे. राहू दे! गाडी काढली. ताम्हिणी घाट उतरलो. माणगावला वडापाव घेतला, तो नुसता हातात धरून बसले.

१२ जानेवारी
चाचींनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "मला त्याच दिवशी कळलं होतं, गनीभाई. त्या नऊ जणांत माझा भाऊ होता." मग पदराने डोळे पुसले. "दोराचं काही नाही. तुम्ही एकदाही आला नाहीत, ते लागलं."

मी एकटीच परतले. अब्बा तिथेच राहिलेत.