शकुनाची बाज

इंझोरी

प्रिय रंगू,

आपल्या आईचा निरोप आल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. तू माहेरी आलीस, तुझे दिवस भरत आलेत आणि बाळंतपणाला आमच्याकडची बाज धाडा, असं तिनं धनजहून कळवलं. तिचं तरी काय चुकलं? माझ्या सासरच्या भावकीतलं एकेक लेकरू त्याच बाजेवर जन्मलं आणि एकही दगावलं नाही. माझा बबनही तिच्यावरच झाला.

पण त्या बाजेत ढेकूण आहेत गं. बबन तान्हा होता तेव्हा सकाळी त्याच्या पाठीवर गांधी उठलेल्या असत आणि दुपट्यावर रक्ताचे ठिपके. मी वाकळा उन्हात टाकल्या, भिंतीच्या भेगांत घासलेट सोडून वरून शेणमातीनं लिंपलं. तू हसली असतीस, ढेकणांपायी मी निजणंच विसरले होते. बाजेवर मात्र उकळतं पाणी ओतू दिलं नाही. सासूबाई म्हणाल्या, "पाण्यानं तिचा शकुन धुवून जाईन. तिले हात नको लावू." घर निवळलं, बाजेच्या सांध्यांतले ढेकूण तसेच राहिले.

यंदा ती ढेकणांसकट पाहुण्यांच्या घरी कशी धाडावी, याची सासूबाईंना लाज वाटली असावी. त्यांनी शेलूबाजारहून एक पुडी आणवली आणि बाज हळदीनं माखली. मला वाटलं, शकुनाची हळद आहे. काल मांजर त्या बाजेवर लोळून अंग चाटत बसलं होतं. आज सकाळी ते चुलीमागे मेलेलं सापडलं. मी विचारलं तर सासूबाई सहज म्हणाल्या, "हळदीत सोमल हाय. उंदरायले घालतेत तोच. ढेकूण मरतीन, शकुन जात नाही." अंगणात धावले, तर गडी बाज बैलगाडीत घालून केव्हाच निघाला होता.

ही चिठ्ठी गफ्फारभाई बांगडीवाल्यांजवळ देते आहे. ते कारंज्याहून मोटारीनं येतील. गाडीच्या आधी पोहोचतील की नंतर, मला ठाऊक नाही. बाज आली असेल तर ती अंगणाबाहेर ठेवा, कुणाला शिवू देऊ नका. तू तिच्यावर निजली असशील तर आत्ताच्या आत्ता उतर, अंग धू, लुगडं बदल. लेकरू जन्मतं ते मुठी चोखतच. आई शकुनाचं बोलेल, तिचं ऐकू नकोस. बाजेवाचून काही वाईट झालंच तर ते माझ्या माथी मारा, पण रंगू, तू भुईवर बाळंत हो.

तुझीच,
सोजर