ओल्या गारा, सुक्या गारा

अणदूरशेजारची वाडी,
फाल्गुन वद्य, सन १९४५

तीर्थरूप महालिंगप्पा मामांच्या पायाशी भाचा सिद्धलिंगाचा शरणू. सोलापुरात तुमचा दमा, मामींचे गुडघे आणि दुकान, तिन्हींची खुशाली कळवावी. इकडं जगदेवी, लेकरं आणि म्हैस सुखरूप हायत. म्या बी असावा, पण अजून भ्या गेलं न्हाय, म्हणून अक्षर असं वाकडं.

मामा, गेल्या पंधरवड्यात काढणीला आलेल्या ज्वारीवर गारा पडल्या. पावसाचा थेंब न्हाय, नुसत्या लिंबाएवढ्या गारा. घटकाभरात कणसं मातीत गेली आणि बांधाला चिमण्या मरून पडल्या. जगदेवी शेतात उभी राहून बघत होती, रडली न्हाय. (तिचं ते न रडणं बघूनच म्या पहिल्यांदा भ्यालो.) मग कळलं, निजाम सरकारचे गिरदावर साहेब पिकांच्या पाहणीला येणार, आणि त्यांना उर्दूबिगर कळत न्हाय. त्यांनी गारा पडल्याचं वर कळवलं तर सारा माफ, न्हाय कळवलं तर घरची भांडीबी चावडीत जाणार. ही बातमी ऐकून पटवाऱ्याला ताप भरला. (खराच, म्या अंगाला हात लावून बघितला.) उर्दू जाणणारा हनीफ सासुरवाडीला गेलेला. मग गावाला आठवलं की म्या नळदुर्गच्या शाळेत दोन सालं काढलीत. त्यातलं एक खरजेत गेलं, ते कुणाला आठवलं न्हाय.

साहेब घोड्यावर आले, संगं बंदूकवाला जवान. कल्याणप्पा पाटलांनी मला मागून पुढं ढकललं. साहेबांनी चावडीपुढंच विचारलं, "ओले पडे क्या?" म्या मनात म्हटलं, माणूस हुशार हाय, गारा वल्ल्या पडल्या का कोरड्या ते विचारतोय. खरं तेच सांगावं. म्हटलं, "नहीं हुजूर, ओले नहीं पडे. सूखा पडा, एकदम सूखा!"

साहेबांनी शेजारच्या विहिरीत डोकावून बघितलं. ती काठोकाठ भरलेली. त्यांचा चेहरा लाल झाला. "सरकारसे झूठ?" एवढं बोलून त्यांनी घोडा वळवला. शेताकडं बघितलंबी न्हाय.

हनीफ नेमका तव्हाच पोचला. त्यानं सगळं ऐकलं आणि कपाळ बडवलं. "अरे सिद्ध्या, ओले म्हंजी गारा! आन् सूखा म्हंजी दुष्काळ!"

कस्तुराबाई, जिचं सगळं रान गेलं आणि घरात मिळवतं कुणी न्हाय, ती मटकन खाली बसली. कुणी मला मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

म्या पळालो, साहेबांच्या मागं. माझ्या मागं हनीफ, त्याच्या मागं गाव. (मदतीला का मारायला, ते मला कळंना, म्हणून आणखी जोरात पळालो.) ओढ्यावर घोडा पाणी पीत होता. एवढी माणसं धावून येताना बघून साहेबांचं तोंड पांढरं पडलं, जवानानं बंदूक उचलली. म्या त्यांना भ्यालेलो, ते आमाला भ्यालेले. तोंडातून उर्दू सोडा, मराठीबी निघंना. म्या पटका काढला आणि डोकं पुढं केलं. गारा पडताना म्या रानातच होतो, तव्हाची टेंगळं अजून होती, एक जखम वली होती. साहेबांनी वाकून बघितलं. "ये किससे हुआ?"

"ओले, हुजूर! सूखे ओले!"

मग हनीफनं नीट उलगडून सांगितलं. साहेब हसले, लई हसले. पण तसेच कस्तुराबाईच्या रानात उतरले, मातीतलं एक कणीस उचललं, आणि मग हसले न्हाईत. वर कळवायला काय लिहिलं ते जाताना वाचून दाखवलं. त्यात 'ओले' होतं. कस्तुराबाई तव्हा रडली, आणि घरी आल्यावर जगदेवीबी.

मामींना नमस्कार, पोरांच्या पाठीवर हात. तुमी आमच्यात लई सालं राहावं.
तुमचा, सिद्धलिंग

ता. क. – माफीवर शिक्का मारायला आता खुद्द तालुकदार, म्हंजी जिल्ह्याचे मोठे साहेब, येणार हायत, आणि गिरदावर साहेबांनी सांगितलंय की बोलायला तोच टेंगळंवाला पायजे. तरी मामा, तुमी मरणाला टेकल्याची तार तेवढी ताबडतोब करावी. म्या लगोलग निघतो.

दुसरा ता. क. – तार करू नये. जगदेवीनं हे पत्र हनीफकडून वाचून घेतलं. ती म्हणती, "तार आली तर मामांकडं म्या जाते. तुमी इथंच उभं ऱ्हावा." हनीफ माझ्या शेजारी उभा ऱ्हाणार हाय. उभा ऱ्हातो, मामा. पण भीतीला उर्दूत काय म्हणतात, ते हनीफला विचारायची लाज वाटती, तेवढं तुमी कळवा. तोंडातून निघालाच, तर तो शब्द तरी बरोबर निघावा.