मावशीच्या ताटात पाकट नाही

प्रिय कुसुममावशी,

आज तुझं वर्षश्राद्ध. गच्चीवर तुझं ताट मांडलंय, दुपार कलली तरी कावळा शिवत नाहीये. आई म्हणते, ताटात पाकट नाही म्हणून कुसुम रुसली. पाकट आणला नाही तो मी, म्हणून ताटाशेजारी बसून तुलाच लिहितोय. खरंच रुसलीस का गं?

तू मावसाजींच्या बदलीपायी कितीतरी वर्षं रत्नागिरीला काढलीस आणि सिंदी मेघेला आपल्याकडे परतलीस ती पाकटाची चव घेऊन. त्याआधी आमच्या घरात तो पंख्यासारखा पसरट मासा कुणी पाहिला होता? समुद्रातलं जे काही येई, ते सगळं आमच्यासाठी नुसती बर्फातली मासोळी.

पण तू सुखासुखी कुठली घ्यायला! पुंडलिकभाऊंच्या मासळीच्या दुकानात उभी राहून विचारायचीस, कोणत्या बंदराचा, समुद्राचा तळ खरवडणाऱ्या जाळ्यातला तर नाही ना. मग आत पिल्लं तर नाहीत ना, म्हणून पोट दाबून पाहायचीस. रोहू लाखांनी अंडी टाकते, पाकटाला मात्र मोजकीच पिल्लं होतात आणि तो वाढतोही हळू, हे तू तिथंच मला सांगितलंस. मी पिशवी धरून पुंडलिकभाऊंच्या मुलीकडे, पल्लवीकडे बघत असायचो.

"तुह्यं लक्ष तराजूवर नाई, तराजूमागं हाय," तू म्हणालीस. तेही सगळ्या गिऱ्हाइकांसमोर! असं करतात का?

मी कॉलेज अर्ध्यात सोडलं तेव्हा घरात प्रत्येकाने कारण विचारलं. तू फक्त विचारलंस, पल्लवीला सांगितलं का? सांगितलं होतं, मावशी. सगळ्यात आधी.

आज सकाळी पुंडलिकभाऊंनी माझ्यासाठी पाकट राखून ठेवला होता, पल्लवीच्याच सांगण्यावरून. चांगला परातीएवढा. भाऊ खुशीत होते. तुझं श्राद्ध आटोपलं की आमच्या दोघांचं त्यांच्या कानावर घालायचं, असं आम्ही ठरवलं होतं. पल्लवी डोळ्यांनी सांगत होती, मुकाट घे आणि जा. पण हात आपोआप पोटावर गेला. पोट टम्म होतं. कुठला, म्हणून विचारलं, तर म्हणाले, नागपूरहून आला.

"नागपुरात कुठं हाय समुद्र?"

"घे ना बे. अंदर पिल्लं हायत, वजनदार हाय."

माझं डोकं तुला माहीत आहे. हा नको, म्हणून मी पाकट परत बर्फावर ठेवला. मावशीनेही घेतला नसता, असं म्हटलं. त्यावर भाऊ म्हणाले, गेलेल्या बाईले काय समजते?

"तिले समजत होतं. तुम्ही काऊन नाई विचारत व्यापाऱ्याले?"

 भाऊंनी सुरा खाली ठेवला.

"जवाई झाल्यावर बी असाच शिकवाले येशीन का माह्या दुकानात?"

म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं! पल्लवी लाल झाली. एकदा वाटलं, पाकट उचलावा आणि पायही धरावेत. पण मग तुझ्या ताटात कसला मासा वाढला असता? आणि पल्लवीसमोर कसला माणूस उभा राहिला असता?

"येईन," मी म्हणालो. "रोज येईन."

भाऊंनी टोपलीतली मरळ काढून माझ्या पिशवीत टाकली. बोर धरणातली, त्यांच्या भाच्याने गळाने धरलेली. विचारायच्या आधीच सांगून टाकलं.

आईने मरळ रांधली, पण तोंड फिरवून. मघाशी पल्लवीचा फोन आला होता. मला ऐकू यावं म्हणून तिने नुसता फोन धरून ठेवला. मागून भाऊंचा आवाज येत होता, नागपूरच्या व्यापाऱ्यावर ओरडून राह्यले होते, "बंदर कोणतं ते सांग पहिले!"

कावळा शिवायला शब्द द्यावा लागतो. तर घे. पुढच्या वर्षी तुझ्या ताटात पाकट असेल, तो कुठून आणि कसा धरला हे सांगता आलं तरच. नाही तर पुन्हा मरळ. आणि वाढणारी पल्लवी असेल, हाही शब्द.

आता रुसू नको. मरळ गार होऊन राह्यली, येजो.

तुझाच तापट भाचा,
निलेश