विसाव्या व्हॉल्व्हचं पाणी चौथ्याला

पलूस

प्रिय सोपान यास,

उदयसिंहाचा जय हिंद, जय भीम आणि बसल्या जागेवरून सलाम. (उभं राहून ठोकला असता, पण कंबर धरली आहे.) गुडघ्याचं ऑपरेशन होऊन तू मिरजेला घरी आलास हे कळलं. डॉक्टरांनी टाके काढले तर तू ते पुन्हा मोजायला लावलेस म्हणे. खोड काही जात नाही. फौजेच्या सिग्नलमध्ये असताना तारेचा जोड झाला की मी म्हणायचो, "झालं की रं गड्या," आणि तू परत खाली बसून तो ओढून बघायचास. आपल्या तुकडीनं जेवढा चहा थंड प्यायला तो सगळा तुझ्यापायी. असो. इकडे लीलाबाई ठीक, पोरगा शिवतेज लडाखला ठीक, द्राक्षं ठीक. ठीक नव्हतं ते सविस्तर लिहितो, कारण फोनवर सांगायला तोंड होत नाही.

आमची सून संयोगिता द्राक्षबागेचं पाणी सोडणाऱ्या पेटीचा प्रोग्राम लिहिते, सी भाषेत. मी तिला विचारलं की यात करतेस काय, तर तिनं मला समजेल असं सांगितलं. एका आकड्यात ओळीनं जागा असतात, प्रत्येक जागेवर एक किंवा शून्य. एक म्हणजे व्हॉल्व्ह उघडा, शून्य म्हणजे बंद. शेजारच्या जागांना धक्का न लावता नेमकी आपली जागा उघडायची किंवा मिटायची, एवढंच त्या फंक्शनचं, म्हणजे प्रोग्रामच्या त्या तुकड्याचं, काम. आणि ते कुठल्याही चिपवर सारखंच चाललं पाहिजे. म्हणजे जम्मूला जसा वागला तसाच जोधपूरला बदली झाल्यावर वागणारा जवान. (असे जवान आपण किती पाहिले, ते तुला ठाऊक आहे.) हे काम पास झालं तर कंपनी तिला पलूसमधूनच काम करू देणार, नाहीतर पुण्याला बोलावणार. ती गेली तर घर खायला उठेल, सोपान. मी हे तिला म्हणत नाही, तुला म्हणतो.

तर हे काम तपासणारं दुसरंच कोणीतरी असतं, आणि ते समासात शेरे मारतं. या शेरेवाल्याची सही नुसती दोन अक्षरांची, आणि शेरे मात्र पोतंभर. 'आकड्यात बत्तीस जागा असतीलच हे कशावरून धरलं? लहान चिपवर सोळाच असतील. मग विसाव्या व्हॉल्व्हचं काय होईल ते सांगता येत नाही. नक्की रुंदीचा आकडा घ्या.' असं एक नाही, पानंच्या पानं. संयोगिता शांतपणे वाचत बसलेली. पण लीलाबाईचा पारा चढला. आता लग्न झाल्यापासून या सुनेच्या भाकरीला, केसांना आणि उठण्याच्या वेळेला नावं ठेवण्यात लीलाबाईनं कधी खंड पाडलेला नाही. पण तो घरचा मामला. बाहेरच्यानं ठेवलेली बघून ती पदर खोचून उभी राहिली. "आमच्या सुनंला नावं ठिवणारा ह्यो कोण टिकोजीराव? तुमी फौजेत व्हता न्हवं? मग गप का बसलायसा?"

बायकोनं फौज काढल्यावर माणूस काय करणार? संयोगिता दूध आणायला गेली होती, लॅपटॉप उघडा होता. मी एका बोटानं टाइप करून शेऱ्याखाली जबाब दिला, 'लोकांच्या कामात खुसपटं काढता, तुम्हाला घरी बापानं काही वळण लावलं की नाही?' वाक्य चांगलं वजनदार झालं होतं. लीलाबाईनंही मान डोलावली.

एवढ्यावर थांबलो असतो तर फौजी कसला? सुनेचं काम चोख आहे हे दाखवून द्यायला मी तिच्या टेबलावरची लहान चिपची स्वस्तातली पेटी उचलली, तिचा तोच प्रोग्राम घातलेली, आणि बागेत जोडली. विसावा व्हॉल्व्ह ओढ्याकडेचा. मोटर चालू केली, बटण दाबलं आणि ओढ्याकडे तोंड करून उभा राहिलो. विसावा ढिम्म. पाणी सुटलं चौथ्याला. चौथा परसदारी, त्याची ठिबकची नळी मीच काढून ठेवलेली, आणि त्याच्यासमोर बाजेवर लीलाबाईच्या वाळत घातलेल्या कुरडया. मोटर बंद करेपर्यंत त्यांचा परत चीक झाला होता. सोळा जागा संपल्यावर त्या चिपनं गिनती पुन्हा पहिल्यापासून धरली होती. (संयोगिता म्हणते, दुसऱ्या चिपनं आणखी काही केलं असतं, हाच तर घोळ.)

मला वाटलं, आता सुनेची धडगत नाही. पण लीलाबाई त्या चिकाकडे बघत उभी राहिली आणि एवढंच म्हणाली, "म्हंजी त्यो लिवणारा आधीच सांगत व्हता की." संयोगितानं एव्हाना माझा जबाबही वाचला होता. "आबा, ते नावं ठेवत न्हवतं. जपत व्हतं. लिवलंय तुमी, आता तुमीच निस्तरा." मग तिनं सगळं शेऱ्याबरहुकूम दुरुस्त केलं. बाकी क्षेम. वहिनींना नमस्कार.

तुझा,
उदयसिंह

ता. क. माझ्या जबाबाला उत्तर आलं. 'वळण बापानंच लावलं. ते सिग्नलमध्ये होते. जोड दोनदा ओढून बघायचा, म्हणायचे.' ते वाचून मी ती दोन अक्षरांची सही परत नीट बघितली. सोपान, ती तुमची आम्रपाली आहे. तुझ्या पोरीला मी तुझं वळण विचारलं. माझं चुकलं. तिला सांग, काकाचं चुकलं.

आणखी ता. क. इथं मी लिहिलं होतं की तिला सांगून तेवढं पास करून घे. संयोगितानं पत्र वाचलं, त्या ओळीवर काट मारली आणि समासात शेरा लिहिला, 'आबा, हे काढा. माफी सगळ्यात वर पाहिजे होती.' शेरा बरोबर आहे. तेव्हा वशिला नको. आम्रपालीला म्हणावं, आणखी एकदा ओढून बघ, आम्ही थांबतो.

शेवटचं. लीलाबाईनं कुरडया पुन्हा घातल्या, बाज तिथंच, चौथ्यासमोर. पेटी चालूच आहे. मी म्हटलं, अगं, जागा तरी बदल. तर म्हणाली, "कशाला? सोपानभावजींची पोरगी बघतीया न्हवं?"