मचाकोसच्या घरात राहतो कोण

३ फेब्रुवारी, मचाकोस
पोचलो. बेत पक्का: घर विकायचं, कर एक शिलिंगही भरायचा नाही, पंधरा दिवसांत इंग्लंडात, डर्बीला परत.
भाडेकरीण न्दुकू फार्मासिस्ट आहे. दोन मुलं. तिनं मला मागची खोली दिली, जिथे आम्ही मक्याची पोती ठेवायचो. चहा आणला. संकोच करू नका, आपलंच घर समजा म्हणाली. समजतो म्हटलं.
आमच्या झोपायच्या खोलीत डोकावलो. माझी बायको स्योकाउ जाऊन वर्ष होत आलं, वाटलं होतं गलबलून येईल. तिथे इस्त्रीचं टेबल होतं. काही वाटलं नाही. प्रवासाचा शीण.

५ फेब्रुवारी
मुतिस्याकडे गेलो. माझा जुना विद्यार्थी, आता करसल्लागार. तेव्हाही गणितात बरा होता, पण कल्पनाशक्ती नाही. म्हणाला, घर विकून जो नफा होईल त्याच्या पंधरा टक्के कर. सूट एकच: विकण्याआधीची सलग तीन वर्षं मालक स्वतः त्या घरात राहिलेला हवा.
म्हटलं, मग झालंच की.
त्यानं चष्मा काढून पुसला. मास्तर, तुम्ही तेरा वर्षं इंग्लंडात आहात म्हणाला. मी समजावलं की ते तात्पुरतं आहे. स्योकाउला नर्सची नोकरी लागली म्हणून गेलो. मुलगी शिकली की परतायचं, असं ठरलेलं. (म्विकालीचं शिक्षण संपलं. नोकरी आहे. तिला मुलगा आहे. पण ठरलेलं होतं.) मी तिथे पार्सलच्या गोदामात काम करतो, पण कामाला माणूस कुठेही उभा राहील. राहतो कुठे, हा वेगळा मुद्दा.
मुतिस्या म्हणाला, मग चीफकडून रहिवासाचा दाखला आणा.
सोपं आहे. इथला सरकारी गावप्रमुख, चीफ म्वान्झिया, आणि मी एका बाकावर शिकलो.

७ फेब्रुवारी
दाखल्याआधी तयारी. आजपासून रहिवाशासारखं राहायचं. टूथब्रश न्हाणीघरात ठेवला. सकाळी फाटकात उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांना नमस्कार. समोरच्या बाईंनी प्रेमानं विचारलं, कुणाकडे आलात?
नवीन असतील.
संध्याकाळी टूथब्रश माझ्या खोलीत परत आलेला. न्दुकूचा धाकटा त्यानं बूट घासत होता म्हणे.

९ फेब्रुवारी
गिऱ्हाईक आलं. मुसाउ, भाड्याच्या तीन मटाटू मिनीबसचा मालक, आणि बायको. मी घर दाखवलं, अगदी घरच्यासारखं. बायकोनं विचारलं, पाण्याचा मुख्य कॉक कुठे? पेरूच्या झाडामागे म्हटलं आणि घेऊन गेलो.
पेरूचं झाड नव्हतं.
न्दुकूनं स्वयंपाकघराच्या ओट्याखाली हात घालून कॉक बंद करून दाखवला. मुसाउ हसू दाबत होता. नंतर मी तिला जरा सुनावलं की झाड तोडायच्या आधी विचारायला हवं होतं. तिनं फोन काढला. विचारलं होतं. मी अंगठा पाठवला होता.
मुसाउला घर पसंत आहे. महत्त्वाचं तेच.

१२ फेब्रुवारी
चीफकडे गेलो. म्वान्झिया जाड झालाय. जुन्या गोष्टी निघाल्या, शाळेची मॅच, मी सोडलेला गोल. मग दाखल्याचं काढलं. तीन वर्षांचा हवा, सलग, जास्त लिहिलास तरी चालेल म्हटलं.
त्यानं दोन कपांत चहा ओतला.
"क्यालो, स्योकाउला कुठे पुरलंस?"
डर्बीला, म्हटलं. हिवाळा होता. विमानानं आणायचं म्हणजे कागदपत्रं फार. म्विकालीलाही सुट्टी नव्हती. सध्यापुरतं तिथे.
"तिची आई आपल्या अंगणात चटई टाकून आठ दिवस बसली होती, पोरगी येईल म्हणून. आम्ही खड्ड्याची जागासुद्धा आखली होती. ज्याचं घर इथे असतं ना, तो बायकोला इथे आणतो. आता मी दाखला कशाच्या जोरावर देऊ?"
रागानं नाही म्हणाला. कप पुढे सरकवला.
मी साखर मागितली. दोन चमचे. मी साखर सोडलीय, हे नंतर आठवलं.

१३ फेब्रुवारी
झोपून होतो. डास.

१४ फेब्रुवारी
सासूबाईंकडे जायचं ठरवलं. स्टँडपर्यंत गेलो. गाड्यांना गर्दी होती.
येताना मुतिस्याकडे थांबलो. कर काढ म्हटलं. त्यानं विचारलं, दाखला? म्हटलं, म्वान्झिया फार कामात आहे. मुतिस्यानं आकडे मांडायला घेतले. छताचा खर्च वजा करता येईल, तेवढा कर कमी होईल म्हणाला. छत स्योकाउच्या इंग्लंडातल्या पहिल्या वर्षाच्या पगारातून घातलं होतं. तिनं ते कधी पाहिलं नाही.

२७ मार्च
व्यवहार झाला. कर भरला. पंधरा दिवसांचे सात आठवडे झाले, पण ऑफिसं तशीच असतात.
मुसाउला स्वतः राहायचंय, त्यामुळे न्दुकूला महिनाअखेर निघावं लागेल. तिची मुलं इथेच चालायला शिकली. मी धीर दिला. वाईट वाटून घेऊ नकोस, मीही घर सोडतोच आहे म्हटलं. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि भांडी कागदात गुंडाळत राहिली.
मोकळं वाटेल असा अंदाज होता. भूक लागली होती. न्दुकूनंच जेवायला वाढलं.

६ एप्रिल, डर्बी
म्विकालीबरोबर दफनभूमीत गेलो. घराच्या पैशातून स्योकाउच्या कबरीवर दगड बसवायचाय. ऑफिसातल्या माणसानं विचारलं, नावाखाली गाव कुठलं घालायचं? म्विकालीनं माझ्याकडे बघितलं. मचाकोस म्हणणार होतो. तो म्हणाला, बरेच जण इथलंच घालतात. म्हटलं, घाला.
शेजारची जागा रिकामी आहे म्हणाला. आत्ता घेतली तर बरं, नंतर मिळेलच असं नाही. म्विकाली माझ्या कोटाचं बटण लावत राहिली.
सध्यापुरती घेऊन ठेवली.
पुढेमागे विकता येईल का, विचारून घेतलं. नाही म्हणाला.